फाइल सेव्ह होता होता लाइट गेली तर? अहमदनगर-अहिल्यानगरच्या उदाहरणातून समजून घ्या 'ॲटॉमिक राइट'

३१ मे २०२३. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तिथेच अहमदनगरचं नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा केली. १३ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली.

नाव कागदावर एका दिवसात बदलतं. पण पाट्या, शिक्के, लेटरहेड, पावतीपुस्तकं बदलायला वेळ लागतो. एका दुकानावर जुनं नाव आणि शेजारच्या दुकानावर नवं, असं चित्र काही काळ राहतंच. माणसाला त्याने फरक पडत नाही. दोन्ही नावं एकाच जिल्ह्याची आहेत, हे त्याला माहीत असतं.

कॉम्प्युटरला मात्र ते माहीत नसतं. त्याच्यासाठी नाव म्हणजे फाइलमधले बाइट. हे बाइट बदलत असताना मध्येच लाइट गेली तर काय होतं? फाइलमध्ये जुनं नाव राहतं, नवं येतं, की तिसरंच काहीतरी?

या 'तिसरंच काहीतरी'पासून वाचण्यासाठी फाइल सिस्टीममध्ये जी सोय केली जाते, तिला 'ॲटॉमिक राइट' म्हणतात. मोबाइलमधल्या मेसेजपासून पतसंस्थेतल्या खात्यापर्यंत सगळं तिच्यावर अवलंबून असतं.

आधी बाइटचा हिशोब

कॉम्प्युटरमध्ये देवनागरी लिहिण्यासाठी आज बहुतेक ठिकाणी युनिकोड वापरतात. त्यातल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. अक्षर, वेलांटी, काना, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात.

'अहमदनगर'मध्ये ७ चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. 'अहिल्यानगर'मध्ये अ, ह, वेलांटी, ल, हलन्त, य, काना, न, ग, र अशी १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट.

आता समजा, जुन्या नावाच्याच जागी नवं नाव लिहायला सुरुवात झाली आणि पहिले १२ बाइट लिहून झाल्यावर वीज गेली. पहिली चार चिन्हं नवी आली, म्हणजे 'अहिल'. पुढची तीन जुनीच राहिली, म्हणजे 'नगर'. फाइलमध्ये शब्द उरला 'अहिलनगर'. या नावाचा जिल्हा ना जुन्या यादीत आहे, ना नव्या. अशा अर्धवट लिहिलेल्या नोंदीला तंत्रज्ञ 'टॉर्न राइट' म्हणतात, म्हणजे फाटलेली नोंद.

प्रत्यक्षात डिस्क एकेक बाइट लिहीत नाही. ती 'सेक्टर' नावाच्या ठरावीक आकाराच्या कप्प्यात लिहिते. जुन्या डिस्कमध्ये हा कप्पा ५१२ बाइटचा असायचा, नव्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा ४०९६ बाइटचा असतो. एक कप्पा सहसा पूर्ण लिहिला जातो किंवा अजिबात लिहिला जात नाही. त्यामुळे फाटतं ते दोन कप्प्यांच्या सीमेवर. नाव नेमकं त्या सीमेवर आलं असेल, तर 'अहिलनगर' होऊ शकतं.

अक्षर चुकणं परवडलं, माणूस गायब होणं नाही

एखादं अक्षर चुकलं तर ते निदान डोळ्यांना दिसतं. खरी भीती वेगळी आहे.

नगर हा सहकाराचा जिल्हा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये इथेच उभा राहिला. गावोगावी दूध संकलन केंद्रं आणि पतसंस्था आहेत. समजा, एका दूध केंद्राच्या कॉम्प्युटरवर सभासदांची एक साधी फाइल आहे. प्रत्येक ओळीत शेतकऱ्याचं नाव, गाव, जिल्हा, दूध किती लिटर आणि पैसे किती द्यायचे, एवढं लिहिलेलं आहे. एक ओळ साधारण १५० बाइटची आहे.

आता प्रत्येक ओळीत अहमदनगरचं अहिल्यानगर करायचं आहे. नवं नाव ९ बाइटने मोठं आहे. म्हणजे पहिल्या ओळीनंतरचा सगळा मजकूर ९ बाइट पुढे सरकणार. दुसऱ्या ओळीनंतरचा १८ बाइट. शंभराव्या ओळीनंतरचा ९०० बाइट.

जुन्या फाइलवरच वरून खाली नवी फाइल लिहीत असताना शंभराव्या ओळीनंतर लाइट गेली, तर काय होईल? वरच्या शंभर ओळी नव्या पद्धतीने लिहिलेल्या असतील आणि त्यांनी ९०० बाइट जास्तीची जागा घेतलेली असेल. त्या जागेवर आधी पुढच्या शेतकऱ्यांच्या नोंदी होत्या. त्या पुसल्या गेल्या. ९०० भागिले १५०, म्हणजे सहा जण.

या सहा शेतकऱ्यांची नावं फाइलमध्ये कुठेच नसतील. कॉम्प्युटर कसलीही सूचना देणार नाही. फाइल उघडेल, वर-खाली फिरेल, प्रिंटही निघेल. दुधाचे पैसे वाटायच्या दिवशी कोणीतरी येऊन "माझं नाव कुठंय?" असं विचारेल, तेव्हाच ते कळेल.

'ॲटॉमिक' हा शब्द कुठून आला?

ॲटम या शब्दाचं मूळ ग्रीक आहे. त्याचा अर्थ 'ज्याचे तुकडे करता येत नाहीत असा'. पुढे अणूचेही तुकडे झाले, पण कॉम्प्युटरच्या जगाने शब्दाचा मूळ अर्थ जपला.

ॲटॉमिक राइट म्हणजे असं लेखन, ज्याचा अर्धा भाग कधीच शिल्लक राहत नाही. लाइट जावो, कॉम्प्युटर हँग होवो, परत सुरू केल्यावर दोनच शक्यता असतात: जुनी नोंद जशीच्या तशी, किंवा नवी नोंद पूर्ण.

अडचण अशी की डिस्क हमी देते ती फार तर एका कप्प्याची. फाइल मात्र शेकडो कप्प्यांत पसरलेली असते. छोट्या हमीवरून मोठी हमी कशी उभी करायची, यावर गेली काही दशकं काम सुरू आहे. त्यातून दोन मुख्य पद्धती पुढे आल्या.

पद्धत पहिली: आधी फेरफार, मग सातबारा

ही पद्धत जमिनीचा व्यवहार केलेल्या कोणालाही लगेच समजेल.

जमीन विकली गेली की तलाठी थेट सातबाऱ्यावर नाव खोडून नवं लिहीत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतरच सातबाऱ्याला अंमल दिला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये ही प्रक्रिया दिली आहे.

फाइल सिस्टीममध्ये याच धर्तीच्या पद्धतीला 'जर्नलिंग' म्हणतात. डिस्कवर एक वेगळी जागा राखलेली असते, तिला जर्नल म्हणतात. कोणताही बदल करायच्या आधी 'काय बदलणार आहे' ते जर्नलमध्ये लिहिलं जातं. सगळं लिहून झालं की शेवटी एक खूण केली जाते. तिला 'कमिट' म्हणतात. मंडळ अधिकाऱ्याची सही समजा. त्यानंतर मूळ जागी बदल होतो.

आता लाइट कधीही गेली तरी गोंधळ नाही. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर आधी जर्नल तपासतो. नोंद आहे पण कमिटची खूण नाही? ती नोंद सोडून दिली जाते आणि जुनी माहिती कायम राहते. खूण आहे पण मूळ जागी बदल अर्धवट आहे? जर्नलमध्ये वाचून बदल पूर्ण केला जातो. एक फरक मात्र आहे. गाव नमुना ६ कायम जपून ठेवतात, तर जर्नलची जागा काम झालं की पुन्हा वापरली जाते.

विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम १९९३ पासून जर्नल वापरते. लिनक्सच्या ईएक्सटी३ फाइल सिस्टीममध्ये २००१ च्या सुमारास जर्नल आलं. त्याआधी लाइट गेली की पूर्ण डिस्क तपासावी लागायची. डिस्क मोठी असेल तर त्यात तासन् तास जायचे.

पद्धत दुसरी: पाटी खाली रंगवा, मग टांगा

दुकानाची पाटी बदलायचे दोन मार्ग असतात. एक, पेंटरने शिडीवर चढून जुन्या पाटीवरच एकेक अक्षर पुसून नवं लिहायचं. यात दुपारी पाऊस आला तर पाटी अर्धवट राहते. दोन, नवी पाटी खाली पूर्ण रंगवायची, वाळवायची आणि मग जुनी काढून नवी टांगायची.

दुसऱ्या मार्गाला 'कॉपी-ऑन-राइट' म्हणतात. जुन्या माहितीला हात न लावता नवी माहिती डिस्कवर दुसऱ्या मोकळ्या जागी लिहितात. ती पूर्ण झाली की 'खरी माहिती इथे आहे' हे सांगणारा पत्ता तेवढा बदलतात. हा पत्ता छोटा असतो, एका कप्प्यात मावतो, त्यामुळे तो बदलताना फाटायचा प्रश्न येत नाही. २००५ मध्ये खुली झालेली झेडएफएस, लिनक्सची बीटीआरएफएस आणि २०१७ पासून आयफोन व मॅकमध्ये असलेली एपीएफएस या फाइल सिस्टीम याच तत्त्वावर चालतात.

मग अडचण कुठे आहे?

इतकं सगळं असूनही फाइल बिघडतात. त्याची तीन मोठी कारणं आहेत.

पहिलं कारण, जर्नल सगळ्याचं रक्षण करत नाही. प्रत्येक गोष्ट जर्नलमध्ये आणि मग मूळ जागी, अशी दोनदा लिहायला वेळ लागतो. म्हणून लिनक्सची लोकप्रिय ईएक्सटी४ फाइल सिस्टीम नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त व्यवस्थेची माहिती जर्नलमध्ये लिहिते. म्हणजे फाइलचं नाव, आकार, ती डिस्कवर कुठे आहे, वगैरे. फाइलच्या आतला मजकूर त्यात नसतो. थोडक्यात, घराचा उतारा सुरक्षित, घरातलं सामान ज्याचं त्याने बघायचं.

दुसरं कारण, 'सेव्ह झालं' म्हणजे डिस्कवर गेलं असं नाही. वेग वाढवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम नवी माहिती आधी मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. लिनक्समध्ये ही सवड नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण ३० सेकंदांची असते. त्या काळात लाइट गेली तर मेमरीतलं सगळं जातं. माहिती आत्ताच डिस्कवर हवी असेल, तर प्रोग्रामला 'एफसिंक' नावाची वेगळी आज्ञा द्यावी लागते.

तिसरं कारण, क्रम. प्रोग्रामने आधी 'क' आणि मग 'ख' लिहिलं, तरी डिस्कवर 'ख' आधी पोहोचू शकतं. पाटी वाळायच्या आत टांगली जाते, तसं.

२००९ मध्ये ईएक्सटी४ नवी असताना हा धडा अनेकांना मिळाला. कॉम्प्युटर अचानक बंद पडल्यावर सेटिंगच्या फाइल शून्य बाइटच्या होऊन बसल्याच्या तक्रारी आल्या. फाइलचं नाव होतं, आत काहीच नव्हतं. प्रोग्रामने नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवली होती, पण एफसिंक केलं नव्हतं. नाव बदलल्याची नोंद डिस्कवर आधी गेली, मजकूर मागे राहिला. चूक प्रोग्रामची की फाइल सिस्टीमची, यावर बराच वाद झाला. शेवटी ईएक्सटी४ मध्येच अशी परिस्थिती ओळखण्याची सोय केली गेली.

हे फक्त नवशिक्यांच्या प्रोग्राममध्येच होतं, असंही नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ११ सॉफ्टवेअरची तपासणी केली. कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तर माहिती बिघडू शकेल, अशा ६० जागा त्यांना सापडल्या.

एक फाइल ठीक, पण दोन असतील तर?

चांगले प्रोग्राम सेव्ह करताना सहसा चार पायऱ्या पाळतात. तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहायची. एफसिंक करून ती डिस्कवर पोहोचल्याची खात्री करायची. मग तिला मूळ फाइलचं नाव द्यायचं. शेवटी फोल्डरचंही एफसिंक करायचं. नाव देण्याची ही क्रिया, म्हणजे 'रिनेम', ॲटॉमिक असते.

पण ही युक्ती एका फाइलपुरतीच आहे. पतसंस्थेत एका खात्यातून ५०० रुपये काढून दुसऱ्या खात्यात टाकायचे आहेत आणि दोन्ही खाती वेगळ्या फाइलमध्ये आहेत, असं समजा. पहिल्यातून रक्कम वजा झाली आणि लाइट गेली. दोन्ही फाइल आपापल्या जागी धडधाकट आहेत, पण ५०० रुपये कुठेच नाहीत.

अनेक फाइलमधले बदल एकत्र बांधण्याची सोय फाइल सिस्टीमनेच द्यावी, असा प्रयत्न मायक्रोसॉफ्टने केला होता. विंडोज व्हिस्टामध्ये 'ट्रान्झॅक्शनल एनटीएफएस' आलं. पण ते वापरायला किचकट होतं, फार कोणी वापरलं नाही. आता मायक्रोसॉफ्ट स्वतःच डेव्हलपरना दुसरे मार्ग वापरायला सांगते.

म्हणून पैशांचे हिशोब साध्या फाइलमध्ये न ठेवता डेटाबेसमध्ये ठेवतात. डेटाबेस स्वतःचं जर्नल ठेवतो आणि 'वजा' व 'जमा' या दोन्ही नोंदींवर मिळून एकच कमिट करतो. तुमच्या फोनमध्येही असा एक डेटाबेस आहे, त्याचं नाव एसक्यूलाइट. व्हॉट्सॲपचे मेसेज त्यातच साठतात. फोनची बॅटरी मेसेज येता येता संपली तरी जुने चॅट शाबूत राहतात, त्यामागे हेच कारण आहे.

सध्या नवीन काय सुरू आहे?

डेटाबेस आपलं काम चोख करतात, पण त्याची किंमत मोजतात. मायएसक्यूएलचं एक पान नेहमीच्या सेटिंगमध्ये १६ केबीचं असतं, पोस्टग्रेएसक्यूएलचं ८ केबीचं. डिस्कची हमी त्याहून लहान. पान फाटू नये म्हणून मायएसक्यूएल प्रत्येक पान दोनदा लिहितं. पोस्टग्रेएसक्यूएलही ठरावीक टप्प्यानंतर पान पहिल्यांदा बदललं की ते आख्खं आपल्या जर्नलमध्ये उतरवतं. म्हणजे फाइल सिस्टीमचं वेगळं आणि डेटाबेसचं वेगळं, असं दुहेरी काम.

नव्या एसएसडी डिस्क एका कप्प्यापेक्षा मोठा तुकडा ॲटॉमिक लिहिण्याची हमी देऊ शकतात. ती हमी वरच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचवण्याचा मार्ग मात्र लिनक्समध्ये नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.११ मध्ये त्याचा पाया घातला गेला. जानेवारी २०२५ च्या ६.१३ मध्ये ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टीममध्ये ही सोय आली. ईएक्सटी४ साठीचं हे काम रितेश हरजानी या अभियंत्याने केलं. जुलै २०२५ च्या ६.१६ मध्ये त्याहून मोठे तुकडे एकसंध लिहिण्याची सोय मिळाली.

मोबाइलमध्ये हा विचार आधीच झाला होता. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये वापरली जाणारी एफ२एफएस ही फाइल सिस्टीम ॲटॉमिक राइटची सोय देते आणि २०१७ पासून एसक्यूलाइट तिचा उपयोग करू शकतं.

ॲटॉमिक राइट काय करत नाही?

ॲटॉमिक राइट म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क जळाली, फोन विहिरीत पडला, तर जुनं आणि नवं दोन्ही जातं. ऑपरेटरने ५० लिटरऐवजी ५०० लिटर टाइप केलं, तर ही चूकही पूर्ण आणि व्यवस्थित सेव्ह होते. आणि लाइट जायच्या आधीच्या क्षणी केलेला बदल टिकेलच असंही नाही. कदाचित जुनी नोंदच परत मिळेल. हमी एवढीच की अर्धवट काही मिळणार नाही.

मग आपण काय करायचं?

- पेनड्राइव्ह 'इजेक्ट' केल्याशिवाय काढू नका. पेनड्राइव्हवर सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. त्यांना जर्नल नसतं आणि तुमची माहिती अजून मेमरीतच असू शकते.
- लोडशेडिंगच्या भागात हिशोबाच्या कॉम्प्युटरला यूपीएस लावा. यूपीएसची पाच-दहा मिनिटंही फाइल नीट बंद करायला पुरतात.
- दूध केंद्र, बचत गट, पतसंस्था यांच्यासाठी सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: "नोंद चालू असताना लाइट गेली तर काय होतं?" शक्य असेल तर डेमोच्या वेळी खोट्या नोंदींवर प्लग काढूनच बघा. नंतर नोंदींची संख्या आणि रकमेची बेरीज जुळते का, ते तपासा.
- हजारो नोंदींत एकदम बदल करायचा असेल, उदाहरणार्थ जिल्ह्याचं नाव, तर आधी फाइलची वेगळी प्रत काढून ठेवा. बदलाआधी आणि बदलानंतर नोंदी मोजा.

त्या दूध केंद्रावर नोंदी मोजल्या असत्या, तर सहा शेतकऱ्यांची नावं गेल्याचं त्याच दिवशी कळलं असतं, आणि जपून ठेवलेल्या प्रतीवरून ती लगेच परत घालता आली असती.